रॉकेट चूल, आठ महिन्यांनंतर: धूर खरंच कमी, पण वेळ वाचेल म्हणून घेणार असाल तर आधी हे वाचा

आठ महिने झाले वापरून. घेतल्या घेतल्या पहिल्याच आठवड्यात "जबरदस्त, पैसा वसूल" असा रिव्ह्यू टाकणार होते, बरं झालं टाकला नाही, कारण तेव्हा मी दिवसाआड पेटवत होते आणि चौथ्या महिन्यात ती कोपऱ्यात पालथी पडून होती, वर मांजर झोपायचं. आता परत वापरात आहे, आठवड्यातून दोनदा, आणि मधे काय काय झालं तेच सांगते.

आधी माझी परिस्थिती. नोकरीचं दुसरं वर्ष, तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून काम, भाड्याचं तळमजल्याचं घर, आम्ही दोघी राहतो. मागे छोटीशी बाग आहे ज्यात टोमॅटो, घेवडा, पुदिना, तुळशीच्या जातीतला तो गोडसर बेझिल, मिरच्या, एक बेशिस्त भोपळ्याचा वेल आणि आधीच्या भाडेकरूंनी लावलेली दोन-तीन मोठी झुडपं आहेत. छाटणी केली की काटक्यांचा एवढा ढीग व्हायचा की त्याचं काय करायचं हाच प्रश्न, आणि त्यातूनच ही चूल डोक्यात आली. बागेतली भाजी बागेतल्याच काटक्यांवर, ऐकायला भारी वाटतं ना, मलापण वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही आतून इंग्रजी एल अक्षरासारखी असते. खालच्या आडव्या तोंडातून काटक्या सरकवायच्या, जाळ उभ्या नळीतून वर जातो, आणि त्या नळीभोवती उष्णता धरून ठेवणारा थर असतो (माझ्यात पर्लाइट, म्हणजे कुंड्यांच्या मातीतपण घालतात ते पांढरे हलके दाणे, भरलंय). नळी तापली की ती स्वतःच हवा ओढायला लागते, बारीक घोंघों आवाज येतो, आणि लाकडातून निघणारा वायू बाहेर धूर बनून पडायच्या आधी आतच जळतो. धूर म्हणजे शेवटी न जळलेलं इंधनच. हे डिझाइन 1982 च्या सुमाराचं, अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधल्या अप्रोव्हेचो नावाच्या संस्थेतल्या लॅरी विनियार्स्की यांचं. तीन दगड मांडून रोज रांधणाऱ्या लोकांचं सरपण आणि धूर कमी व्हावा म्हणून केलेलं, माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी नव्हे, आणि हा फरक मला पाचव्या महिन्यात कळला.

तर धूर. पेटवताना पहिली तीन-चार मिनिटं होतोच, नळी थंड असते तोवर. एकदा तापली की जवळजवळ नाही. पण अट एकच, काटकी वाळलेली हवी, म्हणजे वाकवली तर वाकायला नको, कट्कन तुटायला हवी. मी पहिल्या उत्साहात सकाळी छाटलेल्या फांद्या संध्याकाळी घातल्या. ताज्या ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, ते पाणी आधी उकळून जाणार मग लाकूड जळणार, त्यामुळे जो काही पिवळट-पांढरा धूर निघाला तो थेट शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त चादरी काढून परत मशीनला लावल्या, ते जास्त लागलं. तेव्हापासून छाटलेलं सगळं किमान दोन महिने छपराखाली उभं करून वाळवते, आणि कण्हेरीच्या फांद्या तर ढिगातच येऊ देत नाही, कण्हेर विषारी असते आणि तिच्या धुराचापण त्रास होतो. प्लायवूड, रंगवलेली लाकडं, जुन्या खिडकीचे तुकडे, हे तर नाहीच नाही.

इंधन खरंच कमी लागतं, यात खोटं काही नाही. पेन्सिलीपासून अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या, एका वेळी तीन-चार. दोघींच्या एका वेळच्या स्वयंपाकाला साधारण अर्धा किलो, मी दोनदा काट्यावर तोलून बघितलंय. सोबत पत्र्याची एक गोल कड आली होती, भांड्याभोवती बोटभर फट ठेवून बसवायची, मला वाटलं वाऱ्यासाठी असेल आणि महिनाभर ती डब्यातच होती. मग एकदा लावून बघितली. त्याच पातेल्यात 2 लिटर पाणी कडेशिवाय 15 मिनिटांत उकळलं होतं, कड लावून 11. गरम हवा बाजूने निसटून जायच्याऐवजी भांड्याला घासून वर जाते एवढंच. एवढी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीत उरकली होती, आणि ब्रँडच्या गोष्टीला मात्र दोन पानं.

आता खरी कटकट. जाहिरातीत "10 मिनिटांत जेवण तयार" असं होतं. अहो, जेवण शिजायला कमी वेळ लागतो हे मान्य, पण त्याआधी काटक्या तोडायच्या, पेटवायच्या, भांड्याच्या बुडाला बाहेरून भांडी घासायचा साबण चोपडायचा (नाहीतर काजळी निघता निघत नाही), पाण्याची बादली शेजारी ठेवायची, आणि मग पूर्ण वेळ समोर बसायचं. कारण काटकी टोकाकडून जळत जाते आणि दर दोन-तीन मिनिटांनी ती आत ढकलावी लागते. ढकलली नाही तर एकतर जाळ मरतो किंवा जळतं लाकूड तोंडाकडे मागे येतं. हे दुसरं माझ्याबाबतीत झालंय. घरून काम होतं, सूप ठेवलं होतं, आणि मॅनेजरचा "दोन मिनिटं आहेत का" असा कॉल आला. अशा कॉलची दोन मिनिटं किती असतात ते नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. वीस मिनिटांनी आले तर एक जळती काटकी बाहेर पडून वाळक्या पाल्यातून रांगत रांगत भोपळ्यापर्यंत गेली होती. वेलाचे दोन हात जळाले, गवतावर काळा पट्टा, आणि मी एका कानाला हेडफोन लटकत बादली घेऊन धावतेय. तेव्हापासून खाली सिमेंटची मोठी लादी, आजूबाजूला पाला झाडून साफ, आणि कॉलची शक्यता असेल तर पेटवायचीच नाही.

झालं, म्हणजे कामाच्या दिवशी वापर संपलाच की. ऑफिसातून साडेसातला घरी यायचं आणि काटक्या तोडत बसायचं कोणी सांगितलंय. चौथ्या महिन्यात महिनाअखेरीची कामं, नवीन प्रोजेक्ट, सगळंच एकदम आलं आणि मी आतल्या शेगडीवर अंडं उकडून ब्रेडबरोबर खात होते, तेही उभ्या उभ्या, आणि खिडकीतून ती चूल दिसायची. टोमॅटो वेलावरच फुटून गेले काही. जाम अपराधी वाटायचं, उगाचच.

ती परत वापरात आली त्याचं श्रेय चुलीचं नाही, एका खोक्याचं आहे. आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "अगं, उकळी आणून गुंडाळून ठेव ना, आपलं आपण शिजतं." जाड थर्माकोलचं खोकं होतं, त्यात तळाला जुनी चादर, मधे पातेलं, वरून-बाजूनी दोन उशा, झाकण. पदार्थ पाचेक मिनिटं खळखळ उकळवायचा आणि झाकणासकट आत ठेवून द्यायचं. उष्णता बाहेर जात नाही म्हणून शिजणं चालूच राहतं. भोपळा-टोमॅटोचं सूप असं तासाभरात होतं, आणि तो तास मी मीटिंगमध्ये असते. भांडं भरलेलं हवं, तळाशी वाटीभर ठेवलं तर लगेच निवतं. खायच्या आधी परत एक उकळी आणते, आणि चार तासांच्या वर कधी ठेवत नाही, कोमट राहिलेलं अन्न पोटाला चांगलंच महागात पडतं. घेवड्याचे वाळलेले दाणे करणार असाल तर अजून एक, रात्रभर भिजवून ते पाणी टाका आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं नीट खळखळ उकळू द्या, मगच खोक्यात. राजम्याच्या जातीच्या कच्च्या दाण्यांत एक विषारी प्रथिन असतं जे नुसत्या मंद उष्णतेने जात नाही. आमच्याकडे माझी रूममेट याबाबतीत घड्याळ लावून उभी असते, एकदा कुठेतरी अर्धकच्चे खाऊन रात्रभर त्रास झालाय तिला.

म्हणजे आता चूल फक्त वीसेक मिनिटं पेटते, आणि तेवढा वेळ मी खरंच समोर बसते. बुधवारी घरून काम असतं तेव्हा दुपारच्या सुट्टीत आणि शनिवारी. शनिवारी तव्यावर पालेभाजी परतते, आच इतकी मोठी असते की पानं पाणी सोडायच्या आत होतात, कडा जरा करपलेल्या आणि मधे हिरवीगार, वरून ठेचलेला लसूण. ही चव आतल्या शेगडीवर मला कधी जमली नाही. उलट धिरडी, ऑम्लेट, दूध हे विसरा. जाळ एकाच ठिकाणी लागतो, पातळ पॅनमध्ये मधे रुपयाएवढा काळा डाग आणि कडेला कच्चं. जाड बिडाचा तवा घेतल्यावर बरंच सुधारलं, पण मंद आच म्हणाल तर एक काटकी ठेवली तरी ती मंद म्हणजे मध्यमच.

पाऊस आला की बंद. रूममेट म्हणाली होती बंद गॅलरीत घेऊया, धूर तर नसतोच. नाही म्हटलं. धूर दिसत नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही असं नसतं, त्याला ना वास ना रंग, आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. उघड्यावरच वापरायची, यात तडजोड नाही.

राख थोडीच पडते, पांढरी, भुरभुरीत. ती झाडांना चांगली म्हणून मी पुदिन्याच्या कुंडीत आठवड्याला मूठ मूठ टाकत होते. दीड महिन्यात नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. राख अल्कलीधर्मी असते, मातीचा सामू (पीएच) वाढला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. राखेत पोटॅश आणि कॅल्शियम असतं पण नायट्रोजन जवळपास नसतोच, तो जळताना उडून जातो, त्यामुळे खत म्हणून नुसत्या राखेवर अवलंबून राहू नका. युरियाबरोबर तर एकत्र करूच नका, अमोनिया सुटतो. आता वाफ्यात वर्षातून एखाद-दोन वेळा चिमूटभर भुरभुरवते, बाकीची कोरड्या डब्यात.

आठ महिन्यांत झिजलं काय, तर आतली काटक्या ठेवायची जाळी. साधं लोखंड, आठ महिन्यांतच वाकून हवेची वाट बंद व्हायला लागली, आणि ती वाट बंद झाली की सगळी गंमतच संपते, परत धूर. विक्रेत्याला तीन मेल केले, पहिल्याला "आपला अभिप्राय मोलाचा आहे" असं उत्तर, पुढच्या दोनला काहीच नाही. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून स्टेनलेसची करून घेतली, अर्ध्या तासाचं काम. बाहेरचा काळा रंग पहिल्या पेटवणीतच जळून वास सुटला होता, म्हणून पहिल्यांदा रिकामीच तासभर पेटवा, वर काही शिजवू नका. पाय डगमगतात, मोठं पातेलं ठेवताना एक हात तयार ठेवावा लागतो.

आणि केसांना वास राहतो, कितीही कमी धूर म्हटलं तरी. बुधवारी दुपारनंतरच्या कॉलला कॅमेऱ्यात काही कळत नाही हे नशीब.

5 पैकी साडेतीन. अर्धा कापला जाळीचा, एक कापला त्या "10 मिनिटां"चा. घेणार असाल तर ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा, आतली नळी आणि जाळी कशाची आहे, आणि भांड्याभोवतीची कड सोबत येते का. खोकं तुमच्या घरी असेलच.