बंदुकीच्या परवान्यातली अट बदलून घेतली, पाचपैकी तीन स्टार

शेती संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका सिंधुदुर्ग-रत्नागिरीत गावोगाव आहेत, त्यामुळे हे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. माझ्या परवान्यावर क्षेत्र म्हणून फक्त आमच्या गावचं नाव होतं, नंतर वहाळापलीकडच्या गावात काजूची बाग घेतली आणि वानरांनी तर तिकडेच मुक्काम ठोकला, पण बंदूक घेऊन पलीकडे गेलो तर अट मोडली म्हणून गुन्हा. मग क्षेत्र वाढवायचा अर्ज टाकला.

ऑफिसबाहेर झेरॉक्सच्या दुकानात जे 'करून देतो' वाले बसलेले असतात ते म्हणाले नवीनच परवाना काढा. काही गरज नाही हो! शस्त्र अधिनियम 1959, कलम 17(2): परवानाधारकाने अर्ज केला तर अटी बदलून देता येतात, फक्त नियमांनीच ठरवून दिलेल्या अटी बदलत नाहीत. मी अर्जाच्या पहिल्याच ओळीत हे कलम घातलं, दोन्ही गावचे सातबारे, 8अ, नुकसानीचे फोटो आणि परवान्याची झेरॉक्स जोडली. यूआयएन नंबर (परवानाधारकाला मिळणारा ओळख क्रमांक) अर्जावर लिहाच, तो नसेल तर फाईल तिथेच अडते.

खिडकीवरच्या मॅडमना पूर्ण मार्क. कागद तपासले, आवक नंबर टाकून पोच दिली, उगाच फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. दोन स्टार कापले ते पोलीस रिपोर्टसाठी, काजूला मोहोर असताना अर्ज दिला आणि ऑर्डर हातात पडली तेव्हा पाऊस लागलेला, म्हणजे अख्खा हंगाम वानरांच्या घशात. चौकशीला आलेला हवालदार मात्र चांगला होता, मांगरापासून गडग्यापर्यंत सगळी बाग फिरला, खाली पडलेली अर्धवट चावलेली बोंडं बघितली, बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघितला, नळीवरचा नंबर गंजलेला म्हणून रॉकेलच्या फडक्याने पुसायला लावला. तो रिपोर्ट मग कुठल्या टेबलावर झोपला देव जाणे.

आणि एक, क्षेत्र वाढलं म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं समजून कोणी फटाफट बार काढू नका. ती वेगळी, वन खात्याकडून, वन्यजीव कायदा 1972 च्या कलम 11 खाली, या परवान्यावर हवेत बार काढून हुसकावायचं एवढंच.

अर्ज टाकायचा तर पावसाळ्यातच टाका, म्हणजे मोहोरापर्यंत निकाल लागायला वाव राहतो. निवडणुकीचं वर्ष असेल तर आणखी आधी, कारण 2024 ला आचारसंहिता लागली 16 मार्चला, आमच्याकडे मतदान 7 मेला, ऐन आंबा-काजूत आमच्या बंदुका ठाण्यात जमा. जमा करताना पावती घ्या आणि बंदुकीला आपल्या नावाची चिठ्ठी घट्ट बांधा, परत घेताना ठासणीच्या सगळ्या बंदुका सारख्याच दिसतात.