एंटरप्राइज की फाल्कन?

ओझरहून उडणाऱ्या सुखोईचा गडगडाट ऐकत नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला यंत्राचा आवाज आधी कळतो, आकार नंतर. म्हणूनच 'स्टार ट्रेक' मालिकेतली एंटरप्राइज की 'स्टार वॉर्स' चित्रपटातली फाल्कन, या दोन काल्पनिक अवकाशयानांत निवड करताना माझा कौल फाल्कनला.

'स्टार ट्रेक'मधली एंटरप्राइज १९६६ साली छोट्या पडद्यावर आली. पुढे बशी, मागे दोन लांब नळ्या, आत चारशेच्या वर माणसं. मालिकेचा कलादिग्दर्शक मॅट जेफरीजने काढलेला हा आकार आजही जुना वाटत नाही. एवढं मोठं यान दर भागात ग्रहावर उतरवणं खर्चिक, म्हणून माणसं किरणांनी खाली पाठवायची युक्ती निघाली. पैशाच्या अडचणीतून इतकी सुंदर कल्पना! चाहत्यांच्या पत्रांमुळे १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या अवकाश शटलला हेच नाव मिळालं. फाल्कनचं नावही पुढे स्पेसएक्सच्या रॉकेटला मिळालं.

पण १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली मिलेनियम फाल्कन म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकातल्या गॅरेजमध्ये सतत उघडलेली, तरी रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकणारी गाडी. डाग पडलेला पत्रा, लोंबणाऱ्या वायरी. पुढच्या चित्रपटात तर ऐन पळायच्या वेळी हायपरड्राइव्ह, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने पळवणारं इंजिन, दगा देतो, दिवे जातात. यानाचा कप्तान हान सोलो एक गुद्दा मारतो आणि ते परत लागतात! आमच्या घरचा जुना मिक्सर असाच चालायचा, म्हणून त्या दृश्यावर माझा जीव आहे.

एंटरप्राइजवर नोकरी मिळाली तर मी आनंदाने करेन. पण फाल्कनचं बॉनेट उघडून हात काळे करायला मिळाले, तर घरीच परतणार नाही.