थॉर्नीची बाप्तिस्म्याची वही: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या सासूबाईंचं माहेर केंब्रिजशरमधल्या थॉर्नीचं. आपले पूर्वज फ्रेंच होते आणि दलदलीची शेतजमीन करायला इथं आले, एवढंच त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. मुलांसाठी ही वंशावळ नीट लावावी म्हणून गेले काही महिने मी मुख्यतः एकच साधन वापरते आहे. ते म्हणजे थॉर्नीच्या फ्रेंच प्रोटेस्टंट मंडळीची १६५४ ते १७२७ या काळातली बाप्तिस्म्याची नोंदवही. ह्युगेनॉट म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट; त्यांच्या नावाच्या लंडनच्या ह्युगेनॉट सोसायटीने ती हेन्री पीट यांच्या संपादनाखाली १९०३ साली छापली. इंटरनेट आर्काइव्हवर तिचं स्कॅन फुकट मिळतं. इंग्लंडच्या या भागात ज्यांचं सासर किंवा आजोळ आहे, त्यांनी पैसे भरून कुठलंही सभासदत्व घेण्याआधी ही वही उघडावी.

तिची खरी ताकद धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळासाठी उभे राहणारे, यांच्या नावांत आहे. त्या काळातल्या इंग्रजी पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदीत आईचं पुष्कळदा नुसतं पहिलं नाव असतं, कधी तेही नसतं. फ्रेंच रिवाजात मात्र बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने लिहिली जाई. बाळाला हातात धरणारे बहुधा मामा, आत्या, आजोबा किंवा शेजारचा शेतकरी. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत एका नावावरून सगळी भावकी उलगडते, तसंच इथं होतं. सासूबाईंच्या घराण्यातल्या दोन शाखा एकाच कुळाच्या आहेत हे मला आडनावावरून कळलं नाही, कारण दोन्हींची स्पेलिंगं वेगळी होती. कळलं ते दोन्हीकडे पुन्हापुन्हा येणाऱ्या एकाच धर्ममातेमुळे. म्हणून सूचीत आपलं आडनाव शोधून थांबू नका, सगळी वही एकदा पानामागून पान वाचा. फ्रेंचची भीती नको. नोंदींचा साचा ठरलेला आहे, थोडे शब्द ओळखीचे झाले की वाचता येतं.

शोध कुठल्या सालापासून सुरू करायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ह्युगेनॉट म्हटलं की लोक १६८५ धरतात, कारण त्या वर्षी फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा नांतचा हुकूमनामा रद्द केला. थॉर्नीच्या कुटुंबांची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने थॉर्नीच्या उत्तरेला असलेल्या हॅटफील्ड चेसची दलदल कोरडी करण्याचा करार कॉर्नेलियस व्हरमॉयडेन या डच माणसाशी केला. त्या जमिनीवर वालून (आजच्या बेल्जियमच्या दक्षिण भागातली फ्रेंच बोलणारी) आणि फ्रेंच कुटुंबं येऊन वसली आणि तिथल्या सँडटॉफ्टला त्यांचं प्रार्थनाघर उभं राहिलं. पण त्याच पाणथळीवर स्थानिक गावकऱ्यांची गुरं चरत होती, मासे आणि पाखरं तिथूनच मिळत होती. त्यांचा संताप इतका वाढला की सँडटॉफ्टच्या वस्तीवर हल्ले झाले, प्रार्थनाघराची नासधूस झाली. मला दोन्ही बाजूंचं दुःख खरं वाटतं. यातली बरीच कुटुंबं पुढे दक्षिणेला बेडफर्डच्या अर्लच्या थॉर्नी इस्टेटीवर गेली. सँडटॉफ्टची मूळ वही आज हाती नाही. अठराव्या शतकात जॉर्ज स्टोव्हिन यांनी टिपलेल्या नावांवर भागवावं लागतं. थॉर्नीत १६५० च्या दशकात धागा तुटला की आधी स्टोव्हिन यांच्या यादीत पाहा.

आणखी एक. ‘आमच्या पूर्वजांनी कालवे खणले’ असं घरोघर सांगतात, पण वहीतली माणसं बहुतांशी कोरड्या झालेल्या जमिनीवर शेती करणारी होती. फेन्समधल्या, म्हणजे पूर्व इंग्लंडच्या या दलदलीच्या पट्ट्यातल्या, खोदकामावर स्थानिक मजूर होते, १६५० च्या स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईनंतर पकडून आणलेले स्कॉटिश कैदी होते आणि पुढे डच युद्धकैदीही होते. घरातली आठवण जपावी, पण वंशावळीच्या झाडात लिहिताना पुरावा असेल तेवढंच लिहावं.

आता उणिवा. या वहीत फक्त बाप्तिस्मे आहेत. लग्नं आणि दफनं शोधायला इंग्रजी पॅरिशकडे वळावं लागतं. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींचं साल प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं. एका सशुल्क संकेतस्थळाने मला आपोआप सुचवलेल्या ‘जुळणाऱ्या’ नोंदी तर नॉटिंगहॅमशरमधल्या थॉर्नीच्या निघाल्या. नाव तेच, गाव वेगळं. सुचवलेली नोंद झाडाला जोडण्याआधी मूळ पानाचं चित्र पाहाच.

समुद्रापलीकडे जायचं असेल तर त्याच सोसायटीने छापलेली कॅलेजवळच्या ग्यीनच्या प्रोटेस्टंट मंडळीची वही घ्या. ती १६६८ ते १६८५ ची आहे. तोपर्यंत आपलं कुटुंब थॉर्नीत पोहोचलेलं असलं, तरी मागे राहिलेले चुलत-मावस नातलग तिथं सापडू शकतात. वालून मूळ असेल तर लायडनला वालून मंडळींच्या नोंदींवरून केलेली कार्डं आहेत. माझं सध्या ग्यीनचं वाचन चालू आहे, आणि थॉर्नीच्या धर्ममातांची वेगळी यादी करून ती शेजारी ठेवते आहे. हे काम सावकाश होतं, पण या पद्धतीने झाडात शिरलेलं एकही नाव मला अजून काढून टाकावं लागलेलं नाही.