डब्ल्यूएसयूएस: विंडोज पॅचिंगसाठी अजूनही घ्यावा का?

शंभर-दोनशे विंडोज मशीनचं ऑफिस असेल आणि पॅचिंगसाठी, म्हणजे अपडेट लावण्यासाठी, वेगळं बजेट नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा डब्ल्यूएसयूएस (विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस, ऑफिसातल्या मशीनना अपडेट वाटणारा सर्व्हर) अजूनही घेण्यासारखा आहे. विंडोज सर्व्हरच्या लायसन्समध्येच हा रोल (सर्व्हरवर चालू करायची सेवा) मिळतो. अपडेट इंटरनेटवरून एकदाच उतरतो, बाकीची मशीन तो लॅनवरून घेतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं यात नवीन सोयी येणार नाहीत असं जाहीर केलं, पण विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये तो आहे आणि अपडेटही येत राहतात.

बहुतेक त्रास सुरुवातीच्या घाईतून होतो. ऑफिसात खरोखर वापरात असलेल्या आवृत्त्याच निवडा आणि ड्रायव्हर्सवर टिक करूच नका. नाहीतर डेटाबेस फुगतो आणि कन्सोल (डब्ल्यूएसयूएस सांभाळायची खिडकी) रखडतो. आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर) डब्ल्यूएसयूएसच्या ॲप पूलची (त्याची वेब सेवा चालवणारी प्रक्रिया) प्रायव्हेट मेमरी मर्यादा मुळात १८,४३,२०० केबी असते. अपडेटचा कॅटलॉग वाढला की पूल ती ओलांडतो आणि बंद पडतो. मग मशीनना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) एरर येते, कन्सोल 'रीसेट सर्व्हर नोड' दाखवत राहतो आणि लोक नेटवर्क तपासत बसतात. रॅम पुरेशी असेल तर तिथं ० घाला, म्हणजे मर्यादाच राहत नाही. शिवाय क्यू लेंग्थ (रांगेत थांबू शकणाऱ्या विनंत्यांची संख्या) १००० वरून २००० करा.

नको असलेले अपडेट काढणारा क्लीनअप विझार्ड दर महिन्याला चालवाच. मात्र नवीन अपडेटनं बाद केलेले, पण एकदा मंजूर झालेले जुने अपडेट तो आपणहून काढत नाही. ते आधी डिक्लाइन (नामंजूर) करावे लागतात. शाखांमध्ये डाउनस्ट्रीम सर्व्हर (वरच्या डब्ल्यूएसयूएसकडून अपडेट घेणारे) असतील तर साफसफाई सगळ्यात खालच्यापासून सुरू करा.

एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या प्रतीवरून) क्लोन केलेली मशीन हा आणखी एक हमखास घोळ. सगळ्यांचा सस क्लायंट आयडी (डब्ल्यूएसयूएस मशीन ओळखतो तो क्रमांक) सारखाच असतो, त्यामुळे कन्सोलमध्ये आज एक दिसतं, उद्या दुसरं. रजिस्ट्रीतली ती नोंद पुसून विंडोज अपडेट सर्व्हिस पुन्हा सुरू केली की मशीन वेगवेगळी दिसू लागतात.

पॅच आधी चाचणी गटाला द्या, तीन-चार दिवसांत बाकीच्यांना. त्याहून जास्त रेंगाळू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या एसएमबी (विंडोजची फाइल शेअरिंग पद्धत) त्रुटीतून पसरला, तिचा पॅच १४ मार्चलाच आला होता. रिपोर्टमधल्या 'पेंडिंग रीबूट' मशीनकडेही लक्ष द्या, कारण रीबूट होईपर्यंत जुन्याच फाइल चालू असतात.

मोठी उणीव अशी की क्रोम, सेव्हन-झिप, जावा यांचं इथं काहीच कळत नाही. कन्सोलमध्ये सगळं हिरवं दिसलं तरी मशीनवर जुना जावा असू शकतो. त्यासाठी वेगळा स्कॅनर लागतोच.

आणि हा सर्व्हर स्वतःच हल्ल्याचं दार होऊ शकतो. डब्ल्यूएसयूएसमधल्या सीव्हीई-२०२५-५९२८७ या त्रुटीमुळे लॉगिनशिवाय बाहेरून कोड चालवता येत होता, तीव्रता (सीव्हीएसएस) १० पैकी ९.८. १४ ऑक्टोबर २०२५ चा पॅच अपुरा पडला, म्हणून २३ ऑक्टोबरला तातडीचा अपडेट आला. तो लागला आहे याची आधी खात्री करा, मशीनना एचटीटीपीएसवरून म्हणजे ८५३१ पोर्टवर आणा, आणि ८५३० किंवा ८५३१ यांपैकी कोणताही पोर्ट फायरवॉलबाहेर उघडा ठेवू नका.