‘पर्सूट फोर्स’: सात महिने रोज खेळल्यावर

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पामधल्या एका चॅरिटी शॉपमध्ये जुन्या डीव्हीडींच्या गठ्ठ्यात ‘पर्सूट फोर्स’ या गेमची यूएमडी, म्हणजे पीएसपीची छोटी डिस्क, सापडली. पीएसपी, सोनीचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र, घरात होताच, ३००० मॉडेल. डबी उलटून बनवणाऱ्यांचं नाव वाचलं, बिगबिग स्टुडिओज, आणि लगेच घेतली. हा स्टुडिओ याच गावातला. कोडमास्टर्स या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००१ मध्ये काढलेला, पुढे सोनीने विकत घेतलेला आणि २०१२ मध्ये बंद झालेला. पुण्याहून इथे येऊन मला सहा वर्षं झाली. आपण राहतो त्या गावात बनलेला गेम हातात घेताना वेगळंच वाटलं, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हापासून बर्मिंगहॅमला जाता-येताना ट्रेनमध्ये जवळजवळ रोज खेळतोय.

गेम २००५ च्या शेवटी युरोपात आणि २००६ मध्ये अमेरिकेत आला. कॅपिटल स्टेट नावाच्या काल्पनिक राज्यात पाच टोळ्यांनी धुमाकूळ घातलाय: कॅपेली हे माफिया कुटुंब, माजी सैनिकांचे वॉरलॉर्ड्स, तुरुंगातून पळालेले कन्व्हिक्ट्स, चोऱ्या करणाऱ्या व्हिक्सन्स आणि किलर ६६. आपण पोलीस. पाठलाग करायचा, टोळीला संपवायचं. इथपर्यंत नवीन काहीच नाही. टायटो कंपनीच्या ‘चेस एच. क्यू.’ या गेममध्ये १९८८ पासून लोक गुन्हेगाराच्या गाडीला मागून धडका देतायत.

पण इथे धडक देऊन भागत नाही, उडी मारावी लागते. पुढच्या गाडीच्या पुरेसं जवळ गेलात की उडीची खूण दिसते. गोलाचं बटण दाबलं की आपला माणूस धावत्या गाडीतून सुटतो आणि समोरच्या गाडीवर जाऊन आदळतो. तिथे तो टपाला नाहीतर बॉनेटला चिकटून राहतो, आतले गोळ्या झाडतात, गाडी नागमोडी पळते. आपण आतल्यांना टिपायचं, स्टीअरिंग ताब्यात घ्यायचं आणि पुढच्या गाडीच्या मागे लागायचं. कार, मोटरसायकल, ट्रक, बोट, सगळ्यावर हेच. सात महिन्यांत ही उडी मी हजारो वेळा मारली असेन, तरी बॉनेटवर आदळण्याचा तो क्षण अजून शिळा झालेला नाही. मे महिन्यात बहीण आली होती, तेव्हा भाचा शेजारी बसून प्रत्येक वेळी ओरडायचा, ‘मामा, आता! आता मार!’ त्याला नियम समजावून सांगावे लागले नाहीत. बघणाऱ्यालाही गेम दोन मिनिटांत कळतो, ही या कल्पनेची खरी ताकद.

त्या वेळच्या समीक्षकांनीही याच उडीचं कौतुक केलं होतं. आणि त्याच समीक्षणांत बहुतेकांनी एकच तक्रार केली होती: गेम विनाकारण कठीण आहे. चालू मोहिमेत पुन्हा सुरू करायला टप्पे नाहीत, शेवटच्या गाडीपाशी मेलात तर पहिल्यापासून सुरुवात. तक्रार खरी आहे. एप्रिलमध्ये वॉरलॉर्ड्सच्या एका मोहिमेवर माझे दोन आठवडे गेले. हरल्यावर पुन्हा यूएमडीची घरघर, पुन्हा लोडिंग, पुन्हा तोच रस्ता. त्यात आपला चीफ प्रत्येक वेळी अंगावर ओरडतो. खिशात घालून फिरायच्या यंत्रावर, जिथे माणूस दहा मिनिटं चोरून खेळतो, तिथे मोहीम अशी एकसलग बांधणं ही रचनेतलीच चूक आहे. पीएसपी झोपवून ठेवता येतो म्हणून निभावलं. स्टेशन आलं की पॉवरची कळ वर सरकवायची, संध्याकाळी परतताना पाठलाग तिथूनच पुढे सुरू. ही सोय यंत्राची आहे, गेमची नाही.

मात्र एका बाबतीत माझं मत समीक्षणांहून वेगळं झालं, आणि हा अनुभव लिहायला मुख्यतः त्यासाठीच बसलो. पडद्यावर ‘जस्टिस’ची पट्टी असते. शत्रू टिपले की ती भरते, निरपराधांना इजा झाली की उतरते. पूर्ण भरली की उडी मारताना वेळ मंदावतो आणि हवेतल्या हवेत नेम धरता येतो. पहिले दोन महिने मी पट्टी भरली रे भरली की हीच करामत करायचो, कारण दिसायला ती झकास दिसते. पण तीच पट्टी खर्चून जीवही भरून काढता येतो. हे मला माहीत होतं, पण अंगवळणी पडायला मे उजाडला. भरलेली पट्टी राखून ठेवायची, जीव तळाला गेल्यावरच वापरायची आणि रहदारीत सामान्य लोकांच्या गाड्यांना जपून चालवायचं. एवढं बदललं आणि अडलेल्या मोहिमा एकामागून एक सुटू लागल्या. चार-पाच दिवसांत गेम संपवून लिहायला बसणाऱ्याला ही सवय लागायला वेळच मिळत नाही. म्हणून ‘कठीण’ हा शेरा मला बरोबर वाटतो, ‘अन्यायकारक’ हा अर्धाच बरोबर वाटतो.

पायी चालायच्या भागांचं मात्र कुठलंही समर्थन मी करणार नाही. गाडीतून उतरलं की गेमचा जीवच जातो. पीएसपीला दिशा देणारी ॲनालॉग कांडी एकच, त्यामुळे चालणं आणि कॅमेरा सांभाळणं यांचा मेळ बसत नाही, शत्रू पाठीमागे असला की गोळी खाल्ल्यावरच कळतं. हेलिकॉप्टरमधून गोळीबार करायचे भाग त्यामानाने बरे, पण तेही लांबतात. समीक्षकांनी यावर जेवढं झोडपलं तेवढं योग्यच होतं.

चित्रं ४.३ इंचाच्या पडद्यावर अजूनही छान दिसतात, वेग जाणवतो. संगीत जुन्या पोलीस मालिकांसारखं दणदणीत, हेडफोन लावून ऐका.

जुना पीएसपी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. माझी बॅटरी जूनमध्ये फुगली, मागचं झाकण बसेना. त्याआधी स्वस्तात मागवलेली एक पर्यायी बॅटरी बर्मिंगहॅमला पोहोचेपर्यंतही टिकत नव्हती. आता तिसरी वापरतोय. यंत्र घेताना झाकण उघडून बॅटरी सपाट आहे का ते आधी बघा, आणि यूएमडीचं प्लास्टिकचं कवच चिरलेलं नाही ना तेही.

चार टोळ्या संपल्या. किलर ६६ ची शेवटची मोहीम गेला आठवडाभर अडली आहे. काल शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचलो होतो, पट्टीही भरलेली होती, आणि तेवढ्यात बर्मिंगहॅमचं मूर स्ट्रीट स्टेशन आलं. पीएसपी तसाच झोपवून बॅगेत टाकलाय.