टाइप वन डायबेटिसची अँटिबॉडी टेस्ट मुंबईत: सेवा कुठे पक्की, कुठे कच्ची

रक्त काढणारी माणसं तरबेज, बुकिंग घेणारी कच्ची, असा मुंबईतल्या या सेवेचा एकंदर हिशोब आहे. दहिसर असो की देवनार, सकाळी घरी येऊन सॅम्पल नेणारा माणूस सहज मिळतो. शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय का, म्हणजे डायबेटिस टाइप वन आहे का, हे या टेस्टवरून कळायला मदत होते. पण फोनवर ‘डायबेटिसची अँटिबॉडी टेस्ट हवी’ म्हटलं की बऱ्याचदा पलीकडून शुगर आणि एचबीए१सीचं (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचं) पॅकेज पुढे केलं जातं. त्यात या अँटिबॉडी सहसा नसतातच.

म्हणून नावानिशी मागा: जीएडी ६५, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८. चौथी इन्सुलिन ऑटोअँटिबॉडी, म्हणजे आयएए. अगदी लहान मुलांत बहुधा हीच आधी दिसते, मोठ्यांत तिचा उपयोग कमी. इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे उलटून गेले असतील तर तिच्यावर पैसे घालवू नका. टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही शरीर अँटिबॉडी तयार करतं आणि टेस्टला त्यातला फरक कळत नाही. घोळही नेमका इथेच होतो. ‘इन्सुलिन अँटिबॉडी’ सांगितलं तरी पावतीवर ‘इन्सुलिन फास्टिंग’ छापून येतं, आणि ती टेस्ट हार्मोनची पातळी मोजते. पैसे भरण्याआधी पावतीवरचं नाव वाचा. ‘आयलेट सेल अँटिबॉडी’ ही जुनी टेस्ट अजूनही काही याद्यांत आहे. तिच्यात स्वादुपिंडाच्या पातळ कापावर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चमक बघतात. निकाल बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतो, आणि नेमकी कोणती अँटिबॉडी आहे ते कळत नाही. तेवढ्या एकीवर भागवू नका.

सगळं पॅनेल एकदम करायचं तर बिल काही हजारांत जातं. मोठ्या माणसाचा डायबेटिस टाइप वन की टाइप टू असा पेच असेल, तर आधी फक्त जीएडी करावी आणि ती निगेटिव्ह आली तरच आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८. उरलेलं सीरम लॅब किती दिवस ठेवते ते रक्त देतानाच विचारा, म्हणजे दुसरी सुई वाचते.

अँटिबॉडीसाठी उपाशी राहावं लागत नाही. साध्या किंवा जेलच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त पुरतं. केसांसाठी बायोटिनच्या (एका बी व्हिटॅमिनच्या) गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. अनेक किटची रासायनिक साखळी बायोटिनवरच बेतलेली असते, त्यामुळे आकडा चुकतो. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) चढवलं असेल तर दात्याच्या अँटिबॉडी रिपोर्टात दिसू शकतात. लहान मुलाचं रक्त घेताना फुलपाखरी सुई मागा. बारीक शिरेतून जोरात ओढलेलं किंवा सिरिंजमधून ट्यूबमध्ये दाबून सोडलेलं रक्त फुटतं आणि सॅम्पल परत मागितलं जातं.

अँटिबॉडी तशी दणकट. सोबत सांगितलेलं सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी तपासणी) मात्र नाजूक, आणि होम कलेक्शनमध्ये माती होते ती त्याचीच. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिकीत तीन तास फिरलेल्या सीरममधलं सी-पेप्टाइड खोटं कमी येऊ शकतं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) ट्यूबमध्ये ते साध्या तापमानालाही दिवसभर टिकतं, पण लॅबची पद्धत ती ट्यूब स्वीकारते का ते विचारावं लागतं. नाहीतर सरळ सेंटरवर जाऊन द्या. त्याच वेळी शुगरही घेतलीच पाहिजे, नाहीतर त्या सी-पेप्टाइडचा अर्थ लागत नाही.

रिपोर्टला लागणारा वेळ ही दुसरी मोठी तक्रार. तिला कारण आहे. एलायझा या पद्धतीने अँटिबॉडी मोजतात तेव्हा प्लेट ९६ कप्प्यांची असते, काही कप्पे टेस्ट बरोबर चालली का ते पडताळणाऱ्या कंट्रोल आणि स्टँडर्ड सॅम्पलमध्ये जातात, आणि दोन-चार सॅम्पलसाठी अख्खी प्लेट लावणं लॅबला परवडत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट कधी?’ यापेक्षा ‘ही टेस्ट कोणत्या वारी लावता?’ हा प्रश्न कामाचा. तोवर इन्सुलिन मात्र थांबवून ठेवायचं नसतं. मूल सारखं पाणी पितंय, लघवी वाढली आहे, वजन उतरलंय आणि आता उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर अँटिबॉडीचा विषय बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी गाठा.

रिपोर्ट हातात आल्यावर सेवा संपते, आणि आमच्या मते तीच तिची सर्वांत कमकुवत बाजू. ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’, खाली कट-ऑफ (ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात तो आकडा), बस्स. कट-ऑफ किटप्रमाणे बदलतो, म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी मांडू नका. आकडा मोठा म्हणून आजार मोठा असंही नाही. निगेटिव्ह आलं म्हणून टाइप वन नाहीच, असंही म्हणता येत नाही. अशा वेळी सी-पेप्टाइड, वय, वजन बघून मोडी (एमओडीवाय, म्हणजे एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणारा डायबेटिस) याची जनुकीय तपासणी करायची का ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ, ठरवतात. परळला केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

भावंडांची तपासणी करणार असाल तर एक गणित माहीत असू द्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दोन किंवा अधिक अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत डायबेटिस झाला. एकच असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन अँटिबॉडी आणि शुगर नॉर्मल म्हणजे टाइप वनची पहिली पायरी, शुगर बिघडू लागली की दुसरी. दुसऱ्या पायरीवर आजार लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

एकच अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, त्यातही कट-ऑफच्या जेमतेम वर, तर घाबरून दुसऱ्या लॅबकडे धावू नका. नवं सॅम्पल द्या, त्याच लॅबला, त्याच पद्धतीने, आणि पहिला रिपोर्ट सोबत न्या.