लहान पोट्ट्यांना वर्षाला सायन्स किती शिकवायचं? होमस्कूलिंगचे १० महिने, वापरानंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये मी एक तयार सायन्स करिक्युलमचा बॉक्स मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही. ३६ आठवडे, आठवड्याला ३ धडे, म्हणजे वर्षाला १०८ धडे, किंमत ४,२०० रुपये. बॉक्स आला त्या दिवशी पोरांपेक्षा मीच जास्त खूश होतो, भिंग, चुंबक, लिटमस, बियांची पाकिटं, छोटे दिवे न् वायरी, दोन जाडजूड वर्कबुकं. मोठी आठ वर्षांची, लहाना साडेपाचचा, दोघंही घरीच शिकतात, बायको बँकेत जाते न् मी घरून हिशेबाची कामं करतो म्हणून सकाळची शाळा माझ्याकडे. आता एप्रिल सुरू आहे आणि १०८ पैकी आमचे झाले ३१. त्या ३१ मधले पोरांना आज विचारले तर चार-पाच आठवतात.

म्हणून हा रिव्ह्यू बॉक्सचा कमी न् "किती" या प्रश्नाचा जास्त आहे, कारण होमस्कूलिंगवाल्या घरांत हाच एक प्रश्न फिरून फिरून येतो. गणिताचं काही नाही, बेरीज-वजाबाकी आली की पुढं सरकायचं. सायन्सला अशी पायरीच नाही, कितीही शिकवलं तरी कमीच वाटते.

पहिले सहा आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार इमानदारीत केले. धडा ४५ मिनिटांचा लिहिला होता, लहाना पंधराव्या मिनिटाला टेबलाखाली. मोठी बिचारी करायची, पण प्रत्येक धड्याच्या मध्यात एकच प्रश्न, "बाबा, हे आजच संपवायचं आहे का?" आणि मी हो म्हणायचो, कारण उद्या पुढचा होता ना. त्यात धड्यांचा क्रम असा की जुलैमध्ये सूर्य आणि सावली! नागपुरात जुलैला सावली कुठून आणू, आठ दिवस ढग हटले नाहीत. जानेवारीच्या पानावर बर्फाचा माणूस. झाडांच्या धड्यात मेपलची पानं, खाली सूचना की अशी पानं आवारातून गोळा करा. मोहरीच्या बिया उगवल्या नाहीत, शेवटी स्वयंपाकघरातल्या मोहरीनं काम झालं.

गाडी रुळावरून घसरली ऑगस्टमध्ये, तेही कढीपत्त्याच्या कुंडीमुळे. सकाळी फोडणीसाठी पानं तोडायला गेलो तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी, लहान्यानं बोट लावलं तर ते हललं. अळी होती. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी अशीच दिसते, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून, मग मोठी झाली की हिरवीगार होते. तिला डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते न् घाण वास सोडते, हे तर पोरांनी इतक्यांदा करून पाहिलं की शेवटी मला बंदी घालावी लागली. मग कोष, मग वाट पाहणं, मग एका सकाळी आम्ही पोहे खात होतो न् ते बाहेर येऊन पंख वाळवत बसलेलं. सगळे मिळून १९ दिवस. त्या १९ दिवसांत बॉक्सचे आठ धडे बुडाले आणि मी ते वहीत लाल पेनानं बुडाले म्हणूनच लिहिले होते, आता ती वही पाहून हसू येते. मोठीनं रोज चित्र काढलं, लांबी पट्टीनं मोजली, आणि काटोलकडे आमच्या नातेवाईकांची संत्र्याची बाग आहे तिथं गेलो तेव्हा तिथल्या काकांना तिनंच विचारलं की तुमच्याकडे पण ही असते का. असते म्हणे, आम्ही फवारतो. दोन दिवस पोरगी त्याच्यावर भांडत होती.

दुसरी गोष्ट कूलरची. जुलैत घरोघरी कूलर चालूच असतो पण थंड काही करत नाही, नुसतं चिपचिप. मोठीनं विचारलं काहून. बाजारातून लाल द्रवाचे दोन साधे थर्मामीटर आणले, एकाच्या बुडाला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली, दोन्ही गॅलरीत टांगले. कोरडा ३०, ओला २७, फरक तीनच. हवेतच इतकं पाणी की कापडातलं उडत नाही, न् पाणी उडालंच नाही तर गारवा कुठून येणार. तेव्हा तिला अर्धवटच समजलं, मी पण ताणलं नाही. मागच्या आठवड्यात ती स्वतःच ते थर्मामीटर शोधून घेऊन आली: कोरडा ३९, ओला २२. सतरा डिग्री! "बाबा, म्हणजे कूलर पण कोरड्या हवेचाच असते." नऊ महिने तो प्रश्न तिच्या डोक्यात पडून होता आणि मला पत्ताच नव्हता. बॉक्समध्ये बाष्पीभवन आठव्या आठवड्यात ४५ मिनिटं होतं, झालं न् गेलं.

आता यावरून कोणी असं समजू नका की काही ठरवायचंच नाही. ती चूक पण मी केली आहे. दिवाळीनंतर मला वाटलं मुलं आपोआप शिकतात, बॉक्स माळ्यावर टाकला, आणि पाच आठवडे सायन्सच्या नावानं शून्य. काही आपोआप वगैरे झालं नाही, कार्टून झालं. फुलपाखरू रोज उगवत नाही भाऊ. आणि माझ्या ध्यानात नंतर आलं की कुंडीतली अळी दिसली ती पण यासाठी की आधीच्याच आठवड्यात भिंग हातात होतं.

तर सध्या जे चालू आहे आणि मला पटलं आहे ते असं. लहान्याला ठरलेला धडा नाही, तो सोबत बसतो, कंटाळला की जातो. मोठीला आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, न् वहीत एक पान, अर्ध चित्र अर्ध लिखाण. वर्षाला विषय चारच, आणि ते नागपूरच्या हवामानावर बसवलेले: पावसाळ्यात किडे न् झाडं, दिवाळीनंतर आकाश मोकळं होते तेव्हा चंद्र-तारे, थंडीत दगड-माती, उन्हाळ्यात उष्णता, पाणी न् सावल्या. एकेक विषय दोन-अडीच महिने. दगडांसाठी कुठं लांब जावं लागत नाही, सेमिनरी हिल्सचा काळा दगड लाव्हारसाचा आहे, शहराच्या पूर्वेकडचा खडक वेगळा न् त्याच्याहून कितीतरी जुना, एका शहरात दोन गोष्टी हाताला लागतात.

भीती मला पण होतीच, मागं पडतील म्हणून. आमचे एक काका येतात, ते दर वेळी विचारतात, पोरीला न्यूटनचे नियम झाले का. आठ वर्षांच्या पोरीला! मग मी बसून बालभारतीची पुस्तकं काढली, ती ऑनलाइन फुकट मिळतात. पहिली-दुसरीला विज्ञान म्हणून वेगळं पुस्तकच नाही, तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास, त्यात पण इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र मिसळलेलं, आणि सामान्य विज्ञान थेट सहावीपासून. पुढं एनआयओएसकडून, म्हणजे सरकारच्या मुक्त शाळेकडून, परीक्षा द्यायची म्हटली तरी त्यांच्या ओबीईची (लहान वर्गांचं मुक्त मूलभूत शिक्षण) लेव्हल ए तिसरीच्या, बी पाचवीच्या, सी आठवीच्या बरोबरीची. म्हणजे १०८ धड्यांची घाई शाळेला पण नव्हती, ती त्या बॉक्सला होती न् मला होती. आता दर तीन महिन्यांनी परिसर अभ्यासाची अनुक्रमणिका मोठीसमोर ठेवतो, जे आलं त्याच्यावर टिक, उरलं ते एखाद्या दुपारी वाचून टाकतो. मानवी शरीर आमचं पूर्ण राहिलं आहे, ते खरं आहे, लपवत नाही.

इथल्या रमण विज्ञान केंद्रात, म्हणजे विज्ञानाच्या संग्रहालयात, वर्षात तीनदा गेलो. पहिल्यांदा पैसे वसूल म्हणून सगळं पाहिलं, तारांगण पण, घरी येताना ऑटोत दोघं झोपले न् काही म्हणजे काही आठवलं नाही. तिसऱ्यांदा ठरवून फक्त आरशांजवळ गेलो, एक तास, मग गांधीसागरच्या काठावर फल्ली खात बसलो, तेवढ्यात मोठीनं चमच्यात आपण उलटे काहून दिसतो ते स्वतःच काढलं. सी. व्ही. रमण अकाउंट्सच्या सरकारी नोकरीत असताना काही काळ नागपुरात होते, हे सांगितलं तर म्हणे, "म्हणजे तुमच्यासारखे हिशेब करायचे?" त्या दिवसापासून घरात माझा भाव वधारला आहे.

बॉक्सची बाजू पण सांगतो. दिवे-वायरीचा भाग एक नंबर, सर्किट मला स्वतःहून कधी सुचलं नसतं, ते चार धडे आम्ही दोन-दोनदा केले. चुंबक अजून रोज कुठं ना कुठं चिकटलेला सापडतो. कपाट म्हणून तो बॉक्स चांगला आहे, पाहिजे तेव्हा उघडा न् एक वस्तू काढा. कॅलेंडर म्हणून घेऊ नका. सहा वर्षांच्या आतल्या लेकरासाठी तर अजिबात नाही, ४,२०० मध्ये भिंग, थर्मामीटर, कुंड्या न् वर्षभराच्या वह्या येऊन वर पैसे उरतात.

पुढच्या वर्षीचा बॉक्स मागवला नाही. सध्या घरात मे महिन्याची वाट पाहणं चालू आहे, २६ तारखेच्या आसपास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येते न् बारा-दहाच्या सुमारास उभ्या बाटलीची सावली गायब होते. मोठीनं बाटली आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे, बायकोचं म्हणणं ४५ डिग्रीत गच्चीवर कोण उभं राहणार, ते तुम्हीच ठरवा. जुना बॉक्स नागपुरात कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, लिटमस सोडून सगळं आहे. लिटमस लहान्यानं तर्रीत बुडवून संपवला.